मापेकाका आले की लाल

डॉक्टरने फक्त एवढंच सांगितलं होतं, की खिडक्या उघडा.

बायकोचं डोकं रोज दुपारी जड व्हायचं आणि संध्याकाळपर्यंत त्याचा भार माझ्यावर यायचा. म्हणून डॉक्टरकडे गेलो. त्याने तिचे डोळे बघितले, जीभ बघितली आणि मला विचारलं, "घरात हवा खेळते का?" आता आमच्या बैठकीच्या खोलीत आम्ही दोघं एका वेळी वळलो तर एकाने भिंतीला टेकावं लागतं, तिथे हवा कुठून खेळणार? तसं सांगितलं, तर म्हणाला, "खिडक्या उघडा." बस. गोळी नाही, सुई नाही, पट्टी नाही. तुम्हीच सांगा, नंबर लावून, अनोळखी लोकांचा खोकला अंगावर घेऊन अर्धा दिवस घालवायचा आणि घरी काय आणायचं? खिडक्या उघडा! आमच्यासारख्या माणसांना एवढा साधा उपाय पचत नाही. उपायाला कसं, एखादं बटण पाहिजे.

म्हणून मी यंत्र आणलं.

साबणाच्या वडीएवढा पांढरा डबा. वर आकडा, खाली बारीक दिवा. माणूस श्वास सोडतो त्यातला वायू खोलीत किती साठलाय ते हे यंत्र सांगतं. हवा मोकळी असली की आकडा चारशे-पाचशे आणि दिवा हिरवा. खोली कोंदली की आकडा चढतो, दिवा पिवळा होतो. फारच कोंदली की लाल.

"याने माझं डोकं दुखायचं थांबेल?" बायकोने विचारलं.

"थांबणार नाही. पण कधी दुखायला लागणार ते कळेल."

"ते मला कळतं की. माझंच डोकं आहे."

बायकांना विज्ञानाची आवड नसते असं माझं मत होतं. आता माझी बरीच मतं बदलली आहेत, त्यात हेही.

दुसऱ्या दिवशी यंत्रावर धूळ दिसली म्हणून मी फू केलं, तर आकडा असा काही पळाला की विचारू नका. दिवा लालभडक. कुणी शहाणा माणूस असता तर त्याने सोबतचं माहितीपत्रक वाचलं असतं. मी हळूच मागे वळून बघितलं, बायको स्वयंपाकघरात आहे ना. आहे. मग परत एकदा फू केलं. परत लाल! लहानपणी वर्गातल्या खुर्चीला गोंद लावताना पोटात ज्या गुदगुल्या व्हायच्या, त्याच पन्नाशी ओलांडल्यावर पुन्हा झाल्या. आता हे यंत्र वापरायचं कुणावर, एवढाच प्रश्न उरला होता. आणि त्याचं उत्तर रोज संध्याकाळी आपण होऊन दार वाजवत येत होतं.

शेजारच्या मापेकाकांना हे नाव मीच दिलं. अख्खी नोकरी वजनमाप खात्यात झाली. दुकानादुकानांत जायचं, तराजू तपासायचा, वजनं तपासायची, बरोबर असली तर शिक्का मारायचा, नसली तर जप्त करायची. निवृत्त झाले, काकू गेल्या, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात. त्यामुळे संध्याकाळ झाली की काका आमच्याकडे. दाराजवळच्या खुर्चीत बसायचे, आणि कुठल्या वाण्याने पारड्याखाली मेण कसं चिकटवलं होतं ते सांगायचे. ते मेण मी इतक्यांदा ऐकलंय की ते आता माझ्या कानात चिकटलंय. चहाचा कप दिला की आधी हातात तोलायचे. "आज कमी आहे," म्हणायचे. आणि खरंच कमी असायचा, कारण मीच पिऊन कमी केलेला असायचा. ते एक वाक्य मात्र रोज म्हणायचे, "अरे, माणूस खोटं बोलतो. काटा बोलत नाही."

त्या संध्याकाळी टीव्हीवर मॅच होती. मापेकाका आणि मॅच एकाच खोलीत मावत नाहीत, कारण काकांचा आवाज समालोचकापेक्षा मोठा.

काका आले, बसले. मी टीपॉयवरचा पेपर उचलायला वाकलो आणि यंत्रावर एक बारीक, सभ्य फुंकर मारली.

"अरे बापरे! काका, लाल!"

"काय लाल?"

मी यंत्राची सगळी माहिती दिली. वर तोंड पाडून म्हणालो, "खोली लहान, त्यात आपण तिघं. हिच्या डोक्याला बरं नाही हे. डॉक्टर म्हणाला होता."

माझी अपेक्षा एवढीच, की काका म्हणतील, बरं, येतो मग. पण मी विसरलो होतो की मी वजनमाप खात्याशी खेळतोय. काकांनी चष्मा लावला. यंत्र हातात घेतलं, उलटसुलट केलं, गॅलरीत नेलं आणि आकडा उतरेपर्यंत तिथे उभे राहिले. "इथे बरोबर दाखवतंय," म्हणाले. मग आत आणून टीपॉयवर ठेवलं. "आता बघू, वजन कुणाचं आहे ते. मुली, तू जरा आत जा."

बायको आत गेली. मी फुंकर मारली नाही. आकडा जागचा हलला नाही.

"आता तू जा."

मी गेलो, पण जाता जाता गॅलरीचं दार ढकलून उघडं टाकलं. हवा आत शिरायला वेळ लागला, तोवर आकडा तसाच.

"आता मी जातो."

काका बाहेर जिन्यात गेले. मी परत आत आलो. तोवर हवा आत आली होती, आकडा उतरत होता. काकांनी दारातून मान आत घालून बघितलं, मग आत येऊन खुर्चीत बसले. मी पेपर उचलला. फू. लाल.

काका परत बाहेर गेले, मी शांत. काका आत आले, मी फू. खरं सांगतो, त्या वेळी मला माझा इतका अभिमान वाटत होता की कुणीतरी माझा सत्कार करायला हवा होता. ज्या माणसाने शेकडो वाण्यांची लबाडी पकडली, त्याच्या डोळ्यांदेखत मी पारड्याखाली मेण लावत होतो!

काका बराच वेळ यंत्राकडे बघत राहिले. मग उठले.

"माझ्यामुळे होतंय," ते म्हणाले.

"काका, अहो, म्हणजे तसं नाही..."

"मी तपासलं ना आत्ता. तुझ्यासमोर." त्यांनी चपला घातल्या आणि तोंडावर हात धरला. "मुलीला सांग, तिच्या डोक्याला माझ्यामुळे होतंय हे मला माहीत नव्हतं."

दार लागल्यावर मी उशीत तोंड खुपसून हसलो. मॅच पूर्ण बघितली. आपण हरलो, पण शांततेत हरलो.

काका दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. "काका का येत नाहीत हो?" बायकोने विचारलं. मी म्हणालो, "कंटाळले असतील मला." ती म्हणाली, "शक्य आहे."

खरं तर मला काकांकडे बघायला वेळच नव्हता, कारण तोवर मी बिल्डिंगमध्ये मोठा माणूस झालो होतो. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याला यंत्राची बातमी लागली आणि शिंप्याला लागली म्हणजे ती सगळ्यांच्या मापाची झाली. रोज एक बोलावणं. "जरा आमच्याकडची हवा बघून जा ना!" मी डबा घेऊन जायचो, चेहरा सर्जनसारखा करायचो. चांगला चहा मिळाला की हिरवा. पाणचट मिळाला की वाकून कोपरा बघायचो आणि पिवळा. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी एकदा मला उभ्यानेच बोलून वाटेला लावलं होतं. त्यांच्याकडे थेट लाल.

मग सल्ले सुरू झाले. शिक्षिकाबाई म्हणाल्या, कुंड्या ठेवा, झाडं हवा स्वच्छ करतात. त्यांनी एवढ्या कुंड्या ठेवल्या की त्यांच्या नवऱ्याला पलंगापर्यंत जायला वाट काढावी लागायची. शिंपी म्हणाला, खिडक्या बंदच ठेवा, बाहेरची हवाच खराब आहे. एका गृहस्थांनी कुठेतरी वाचलं होतं की नाकाने कमी श्वास घ्यावा. कशाने जास्त घ्यावा ते पुढच्या पानावर होतं, ते पान फाटलेलं. सेक्रेटरीने स्वयंपाकघरात धूर बाहेर टाकणारा पंखा बसवला. त्याचं तोंड जिन्यात काढलं. त्यामुळे त्यांच्या घरचा कांदा आता आम्ही सगळेच परतत होतो.

यावर कमिटीची सभा बोलावली. तळमजल्याची बंद खोली, तीसेक माणसं आणि सेक्रेटरीचं भाषण. यंत्र टेबलावर. देवाशपथ सांगतो, मी फुंकर मारली नाही. मी लांब बसलो होतो. आकडा आपला आपण चढत गेला आणि भाषण मध्यावर यायच्या आत लाल! लोक ढकलाढकली करत बाहेर. बिल्डिंगच्या इतिहासातली सगळ्यात छोटी सभा. पण जाता जाता एक ठराव झाला, की आरोग्य खात्याला कळवायचं.

आरोग्य खात्याचा साहेब आला तेव्हा त्याच्या हातात आमचा अर्ज आणि तोंडात पहिला प्रश्न, "तक्रार बाहेरच्या हवेची का आतल्या हवेची?"

"आतल्या हवेची," मी म्हणालो.

"आतली आमच्याकडे येत नाही. आमच्याकडे बाहेरची."

"मग आतली कुणाकडे?"

त्याने विचार केला. "आतली कुणाकडेच नाही. आतली तुमची."

"पण साहेब," शिंपी म्हणाला, "बाहेरचीच आत येते ना? खिडकीतून?"

"खिडकीपर्यंत आमची. चौकट ओलांडली की तुमची."

"आणि आतली बाहेर गेली तर?"

साहेबाने घाम पुसला. "तसा अर्ज वेगळा करावा लागेल," म्हणाला, आणि आत आलेला माणूस जितक्या लवकर बाहेर पडू शकतो तितक्या लवकर बाहेर पडला. मी हे नंतर दहा जणांना नक्कल करून दाखवलं. अकरावे मापेकाका असते. त्यांना सरकारी खात्यांच्या गोष्टी फार आवडायच्या. मी नक्कल तोंडात घेऊन त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि तिथे मला खोकला ऐकू आला.

साधा खोकला नव्हता. थांबायचा, दम घ्यायचा आणि पुन्हा खालून सुरू व्हायचा.

दारात खाली बघितलं तर फटीत ओलं फडकं दाबून बसवलेलं. मी बेल वाजवली.

"कोण?"

"मी आहे काका. दार उघडा, एक गंमत सांगायचीय."

"तिथूनच सांग."

"फडकं कशाला घातलंय?"

आत खोकल्याची एक उबळ आली. मग आवाज आला, "जिन्यात येतं ना रे. वरच्या बाईंची मुलं खेळतात जिन्यात."

मला आधी कळेचना की काय येतं. कळलं तेव्हा तोंडातली नक्कल विरघळली. काका आपली हवा अडवून बसले होते. आपल्या श्वासाने दुसऱ्याला काही होऊ नये म्हणून त्या माणसाने दार, खिडक्या, मोरीची झडप, सगळं बंद केलं होतं.

मी दार उघडायला लावलं. म्हणजे, मला चक्कर येतेय असं खोटं सांगितलं. काकांनी ताबडतोब उघडलं. आत पाऊल टाकलं आणि नाकाने ओळखलं, इथे बरेच दिवस कुणी दुसऱ्या माणसाने श्वास घेतलेला नाही. आतल्या भिंतीला ओल होती, आणि ओलीवर काळी बुरशी छतापर्यंत चढलेली. कोपऱ्यात डास पळवायची कॉइल जळत होती. खिडकी उघडून डास हाकलता येत नाहीत म्हणून कॉइल लावली होती, आणि कॉइलचा धूर जायला उघडी खिडकी नव्हती. इतके दिवस रोज संध्याकाळी हा माणूस या खोलीतून उठून आमच्याकडे येऊन बसत होता. त्याच्या दिवसातली तेवढीच काय ती धड हवा. ती मी काढून घेतली होती. मॅचसाठी. आणि मॅचही हरलो होतो.

मी घरी धावलो, यंत्र घेऊन आलो. म्हटलं, यंत्रावर विश्वास आहे ना, यंत्रच दाखवतो. "काका, हे बघा, मी तेव्हा फुंकर मारत होतो. गंमत केली होती. तुमच्यात काही नाहीये. बघा आता!" आणि यंत्र टेबलावर ठेवलं.

लाल झालं.

का नाही होणार? बंद खोली, त्यात माणूस, त्यात कॉइल. सभा सोडली तर पहिल्यांदाच ते कुणाच्याही मदतीशिवाय लाल झालं होतं. काकांनी माझ्याकडे बघितलं. नजरेत राग नव्हता. उलट माझीच दया होती.

"मी म्हणालो होतो ना?"

"नाही काका! खोली बंद आहे म्हणून! थांबा, मी दाखवतो." मी वाकलो आणि त्यांच्या समोर जोरात फुंकर मारली. आकडा आणखी वर गेला. "बघितलंत? मी फुंकर मारली म्हणून वाढला! तेव्हाही असंच!"

काका आकड्याकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"म्हणजे तुझंही तसंच आहे का रे? तू तपासून घे. माझ्यासारखा उशीर करू नकोस."

आयुष्यभर मी लोकांना फसवलं आणि लोक फसले. एवढी एकच गोष्ट खरी सांगायला गेलो, तर पटवता येईना. मी खिडक्या उघडायला लागलो, काका मागून बंद करायला लागले. "खाली मुलं आहेत!" म्हणत होते. त्या झटापटीत त्यांना जो दम लागला तो उतरेचना. शेवटी बायको आणि शिंपी आले, आणि आम्ही त्यांना धरून हॉस्पिटलमध्ये नेलं.

हॉस्पिटलमधली डॉक्टरीणबाई तरुण होती, पण बोलायला कडक. "यांच्या घरात ओल आहे? बुरशी? धूर? खिडक्या बंद?" सगळ्याला मी हो म्हणत गेलो. "फुफ्फुसांना सूज आहे. लोक बाहेरच्या धुरावर भांडतात आणि घरातल्या कोंदट खोलीत चोवीस तास बसतात. यांना कुणी बंद करून ठेवलं होतं का?"

मी बायकोकडे बघितलं नाही. पण ती माझ्याकडे बघतेय हे मानेला कळत होतं. घरी आल्यावर तिने खोदून खोदून विचारलं आणि मी सगळं सांगितलं. पेपर, फुंकर, गॅलरीचं दार, सगळं. मला वाटलं ओरडेल.

"काका रोज जाताना मला विचारायचे," ती म्हणाली, "डोकं बरं आहे का मुली. तुम्ही कधी विचारलंत?"

एवढं बोलून ती भांडी घासायला गेली. भांडी आधीच घासलेली होती.

काका बरे झाले. पण त्या खोलीत परत जायचं नाही असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं आणि मुलगी येऊन त्यांना तिच्या घरी घेऊन गेली. निघताना काका टॅक्सीच्या काचेतून मला काहीतरी सांगत होते. काच खाली करा म्हटलं, तर नको नको अशी मान हलवली.

काल त्यांना फोन केला.

"कसं आहे काका तिकडे?"

"उत्तम. मोठी गॅलरी आहे. मी गॅलरीतच असतो."

"म्हणजे संध्याकाळी?"

"नाही, बसतो, जेवतो पण तिथेच. घरात लहान नात आहे ना."

मी म्हणालो, फोन मुलीला द्या. तिला सगळं सांगितलं, अगदी पहिल्या फुंकरीपासून. ती मधेमधे हसत होती. मी रडकुंडीला आलेलो आणि ती हसतेय. शेवटी म्हणाली, "अहो, बाबा तुमच्याबद्दल नेहमी सांगतात. म्हणतात, माझं मन राखायला तो काहीही रचून सांगेल. आणि बाबांना ना, मोकळी हवाच आवडते. मी कितीदा आत बोलावलं." फोन परत काकांकडे.

"तू तपासून घेतलंस का?" काकांनी विचारलं. "आपल्या दोघांचं एकच आहे, म्हणून विचारतो."

खरं संपलं होतं. मग जे येतं तेच करायचं.

"घेतलं काका," मी म्हणालो. "चांगल्या डॉक्टरने औषध दिलं. तुम्हाला हॉस्पिटलात दिलं ना, तेच. गुण आला. आता माझ्यासमोर यंत्र ठेवलं तरी हिरवं. म्हणजे तुमचंही गेलं असणार."

"आकडा कुणी वाचला?"

"मीच."

"तू नको. दुसऱ्या कुणी वाचला का?"

बायको शेजारी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. लग्न झाल्यापासून या बाईला मी खोटं बोलताना ऐकलेलं नाही, वयाबद्दलसुद्धा नाही. तिने माझ्या हातातून फोन घेतला.

"मी वाचला काका," ती म्हणाली. "हिरवा होता. परत परत बघितला. तुमचंही औषध पूर्ण झालंय ना? मग आत बसा."

तिने फोन माझ्याकडे न बघता माझ्या हातात दिला आणि निघून गेली.

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. थोडी ओढली, थांबली, परत थोडी ओढली.

"काका? आत गेलात का?"

"दारात आहे," काका म्हणाले. "एकदम नको. आज दारात बसतो, नातीला काही होतंय का बघतो. मग सरकवू."